म्युलर पेशींचं क्रोमॅटिन वाचताना: उंदराच्या डोळ्यापासून सीक्वेन्सिंगच्या फाइलपर्यंत

झेब्राफिशच्या दृष्टिपटलाला इजा झाली, की तिथल्या म्युलर पेशी आपली आधार देण्याची नेहमीची कामं बाजूला ठेवतात. दोन दिवसांत त्या विभाजनाला लागतात, आणि तीन-चार आठवड्यांत मेलेल्या चेतापेशींची जागा भरून निघते. उंदरात आणि माणसात याच पेशी इजेनंतर फुगतात, जीएफएपी हे ताणाची खूण असलेलं प्रथिन वाढवतात आणि तिथेच थांबतात. लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास तीच आहेत. फरक पडतो तो त्यांच्या आजूबाजूच्या डीएनएच्या गुंडाळणीत, म्हणजे क्रोमॅटिन कुठे उघडं आहे आणि कुठे बंद आहे यात.

हा फरक हाताने बदलता येतो हे सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या थॉमस रे यांच्या गटाने दाखवलं. २०१५ मध्ये त्यांनी उंदराच्या म्युलर पेशींत एएससीएल१ हे चेतापेशी घडवणारी जनुकं सुरू करणारं प्रथिन चालू केलं, तेव्हा पिल्लांमध्ये साधारण दोन-अडीच आठवडे वयापर्यंत नव्या चेतापेशी तयार झाल्या. प्रौढ उंदरात मात्र काही घडेना. २०१७ मध्ये त्यांनी एएससीएल१ आणि इजेच्या जोडीला ट्रायकोस्टॅटिन-ए दिलं. हे हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळतो त्या प्रथिनांवरचे) असिटाइल गट काढणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं औषध आहे. मग प्रौढ डोळ्यातही चेतापेशी दिसू लागल्या, आणि अॅटॅक-सीक तपासणीत (उघड्या क्रोमॅटिनचे तुकडे कापून त्यांचं सीक्वेन्सिंग) पूर्वी बंद असलेले भाग उघडलेले सापडले.

असाच प्रयोग करून क्रोमॅटिन मोजायचं असेल तर काय करावं, कुठे फसायला होतं आणि का, ते पुढे दिलं आहे. वाचकाला उंदरांची हाताळणी आणि रेणुजीवशास्त्राची मूलभूत तंत्रं येतात असं धरलं आहे. प्राण्यांवरच्या कामाला संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी हवी. ट्रान्सजेनिक प्राणी किंवा विषाणू-वाहक वापरणार असाल तर जैवसुरक्षा समितीचीही हवी. मंजुरीला महिने लागतात, म्हणून उंदरांच्या जोड्या लावण्याआधी अर्ज करा.

आधी हे डोक्यात पक्कं करा

उंदराच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशींपैकी दंडपेशी साधारण ६४ लाख असतात, शंकुपेशी जेमतेम १ लाख ८० हजार, आणि म्युलर पेशी एकूण पेशींच्या तीन टक्क्यांच्या आतबाहेर. अख्खं दृष्टिपटल वाटून क्रोमॅटिन मोजलं तर मिळतो तो दंडपेशींचा अहवाल. म्युलर पेशींत दहापट बदल झाला तरी तो त्या गर्दीत बुडून जातो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्याहून वाईट प्रकार रोगाच्या नमुन्यांत होतो. दृष्टिपटलाचा ऱ्हास सुरू झाला की दंडपेशी मरतात, आणि ऱ्होडॉप्सिन या दंडपेशींच्या जनुकाचा प्रोमोटर (सुरुवातीचा नियंत्रक भाग) 'बंद झाला' असं आलेखावर दिसतं. प्रत्यक्षात काहीही बंद झालेलं नसतं. ज्या पेशींत तो उघडा होता त्या राहिलेल्याच नसतात. पेशींचं प्रमाण बदललं आणि पेशीतलं नियमन बदललं या दोन गोष्टी अख्ख्या ऊतीच्या डेटातून वेगळ्या काढता येत नाहीत, मग सॉफ्टवेअर कितीही महाग असो. म्हणून या कामातला निम्म्याहून जास्त वेळ पेशी वेगळ्या करण्यात गेला तर तो सत्कारणी लागला असं समजा.

उंदीर निवडताना

एफव्हीबी आणि सी३एच या जातींत आरडी१ हे उत्परिवर्तन जन्मजात असतं. तीन-चार आठवड्यांत त्यांच्या दंडपेशी जवळजवळ संपतात. असे उंदीर संकरात आले असतील तर आरडी१ची तपासणी आधी करा. दुसरा सापळा छुपा आहे. सी५७बीएल/६ च्या 'एन' उपजातीत सीआरबी१ जनुकात आरडी८ हे उत्परिवर्तन असतं, 'जे' उपजातीत नसतं. त्यामुळे दृष्टिपटलात घड्या आणि पांढरे ठिपके पडतात, म्युलर पेशी आपोआप चेतावतात आणि तुमचा 'निरोगी' गट आधीच आजारी निघतो. बऱ्याच ट्रान्सजेनिक जाती 'एन' पार्श्वभूमीवर बनलेल्या आहेत. शेपटीच्या तुकड्यावरची साधी पीसीआर पुरते. ती टाळू नका.

म्युलर पेशींवर खूण करायला ग्लास्ट-क्रीईआर किंवा आरएलबीपी१-क्रीईआर या जाती वापरतात. क्रीईआर हे टॅमॉक्सिफेन दिल्यावरच काम करणारं, डीएनएत बदल करणारं एन्झाइम आहे. ग्लास्टमुळे दृष्टिपटलाच्या आतल्या पृष्ठभागावरच्या ॲस्ट्रोसाइटवरही खूण होऊ शकते. आरएलबीपी१ हे दृष्टिपटलामागच्या रंजक थरातही चालू असतं, त्यामुळे तो थर नीट सोलावा लागतो. खूण म्हणून पेशीभर पसरणाऱ्या जीएफपीपेक्षा सन१-जीएफपी घ्या. हे प्रथिन केंद्रकाच्या आवरणावर बसतं, त्यामुळे पेशी सुट्या न करताही थेट केंद्रकं निवडता येतात. याचा मोठा फायदा पुढे कळेल.

टॅमॉक्सिफेन मक्याच्या तेलात विरघळवून रोज १.५ मिलिग्रॅम, १०० मायक्रोलिटरमध्ये, पाच दिवस पोटात टोचतात. तेल ३७ अंशांवर हलवत ठेवा आणि उजेडापासून जपा. पूर्ण विरघळलं नाही तर प्रत्येक उंदराला वेगळाच डोस जातो.

डोळ्यातलं इंजेक्शन

उंदराच्या डोळ्यात काचद्रव्य जेमतेम पाच मायक्रोलिटर असतं आणि भिंग प्रचंड मोठं असतं. सगळी अडचण या दोन गोष्टींतूनच येते.

इजेसाठी १०० मिलिमोलर एनएमडीएचं (चेतापेशी मारणारं रसायन) १ ते १.५ मायक्रोलिटर, ३२ किंवा ३३ गेजच्या सुईने. सुई लिंबसच्या (कॉर्निया आणि डोळ्याचा पांढरा भाग मिळतात त्या कडेच्या) किंचित मागून, डोळ्याच्या मागच्या बाजूकडे तिरकी घाला. टोक भिंगाकडे वळता कामा नये. द्रव सावकाश सोडा आणि सुई अर्धा ते एक मिनिट तशीच ठेवा. लगेच बाहेर काढली तर औषध सुईमागोमाग परत येतं आणि आत किती राहिलं ते कळत नाही. डोळ्यावर थेंब दिसला तर तो डोळा नोंदवहीत वेगळा लिहा.

भिंगाला टोक लागलं तर तो डोळा सोडून द्या. भिंगाच्या जखमेतून दाह सुरू होतो, मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी धावून येतात आणि म्युलर पेशींचं वागणं बदलतं. मायक्रोग्लिया काढून टाकल्यावर एएससीएल१ने तयार होणाऱ्या चेतापेशी वाढतात हे २०२० मध्ये दाखवलं गेलं आहे. म्हणजे दाह हा या प्रयोगातला तटस्थ प्रेक्षक नाही. झायलाझीनच्या भुलीत डोळा कोरडा आणि थंड पडला की भिंग धुरकट दिसतं. तो धुरकटपणा तात्पुरता असतो, त्याला जखम समजून डोळा टाकू नका. डोळ्यावर जेल लावा आणि उंदीर गरम पॅडवर ठेवा.

एनएमडीएनंतर दोन दिवसांनी ट्रायकोस्टॅटिन-ए. ते डीएमएसओमध्ये १ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर करून त्याच पद्धतीने देतात. इथे नियंत्रण गट हा कळीचा मुद्दा आहे. डीएमएसओ स्वतःच दृष्टिपटलाला घातक आहे, त्यामुळे फक्त मीठपाणी टोचलेला गट पुरत नाही. तेवढंच डीएमएसओ टोचलेला गट हवाच. किमान गट असे धरा: खूण आहे पण काहीच टोचलेलं नाही, एनएमडीए आणि डीएमएसओ, एनएमडीए आणि ट्रायकोस्टॅटिन-ए, आणि शेवटच्या दोन्हींचे एएससीएल१ असलेले जोडगट. दुसरा डोळा नियंत्रण म्हणून वापरायचा मोह आवरा. एकाच प्राण्याचे डोळे एकाच रक्ताभिसरणावर असतात, आणि एका डोळ्याच्या इजेचे पडसाद दुसऱ्यात उमटतात. एकाच उंदराचे दोन डोळे म्हणजे दोन स्वतंत्र पुनरावृत्त्या नव्हेत, हेही इथेच लिहून ठेवा.

नमुना कधी घ्यायचा? ट्रायकोस्टॅटिन-ए शरीरात लवकर निष्क्रिय होतं, आणि हिस्टोनवरचे असिटाइल गट औषध गेल्यावर परत उतरतात. म्हणून एकच वेळ न धरता काही तासांनी, एका दिवसाने आणि चौथ्या दिवशी असे तीन टप्पे ठेवा. चौथ्या दिवशीही उघडा राहिलेला भाग हा खरा उमेदवार. सगळे उंदीर दिवसाच्या एकाच वेळी घ्या. दृष्टिपटलाचं स्वतःचं जैविक घड्याळ आहे. सकाळी नऊचा एक गट आणि दुपारी चारचा दुसरा घेतलात तर मिळणारा निम्मा फरक घड्याळाचा असू शकतो.

दृष्टिपटल काढणं आणि पेशी सुट्या करणं

डोळा काढल्यावर थंड, ऑक्सिजनयुक्त बफरमध्ये कॉर्निया आणि भिंग काढा, दृष्टिपटल वेगळं करा. रंजक थराचे काळे कण चिकटले असतील तर ब्रशने हलकेच काढा. मेलॅनिन पीसीआर अडवतं. नंतर लायब्ररी (सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेला डीएनए-तुकड्यांचा संच) वाढेना तेव्हा सगळे एन्झाइमला दोष देतात आणि मेलॅनिन बाजूला राहतं.

सन१-जीएफपी नसेल तर पेशी सुट्या कराव्या लागतील:

१. पपेन (पेशींमधले प्रथिनांचे दुवे तोडणारं एन्झाइम) २० एकक प्रति मिलिलिटर, सोबत सिस्टीन आणि डीएनएज साधारण १०० एकक प्रति मिलिलिटर. ३७ अंशांवर १० ते १५ मिनिटं, मधूनमधून हलकेच हलवत.

२. रुंद तोंडाच्या टिपेने दहा-बारा वेळा वर-खाली. फेस आला की थांबा, फेसात पेशी फुटतात.

३. ओव्होम्युकॉइडने पपेन थांबवा आणि ४० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळा.

४. ३०० जीवर थंड सेंट्रिफ्यूज, मग डीएपीआय (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) घालून पेशी निवडणाऱ्या सॉर्टरवर. डीएपीआय घेणाऱ्या मेलेल्या पेशी गेटबाहेर (निवडीच्या मर्यादेबाहेर) ठेवा.

म्युलर पेशी दृष्टिपटलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेली असते. पपेन कमी पडलं तर तिचे तुकडे होतात, आणि तिला दंडपेशींचे तुकडे चिकटून येतात. जास्त पडलं तर पेशी फुटतात आणि डीएनएचा चिकट गोळा जाळी तुंबवतो. नवीन बॅचचं पपेन आलं की एका डोळ्यावर आठ, बारा आणि सोळा मिनिटं लावून बघा.

सुट्या पेशी ३७ अंशांवर पंधरा मिनिटं राहिल्या, की त्यांच्यात फॉस आणि जून ही तातडीची जनुकं पेटतात आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या एपी-१ या प्रथिन-जोडीचे डीएनएवरचे बंधभाग उघडतात. हाच मोठा फायदा-तोट्याचा प्रश्न आहे. म्युलर पेशी इजेला देत असलेलं खरं उत्तरही एपी-१ मार्फतच येतं, म्हणजे तुमच्या हाताने झालेली इजा आणि एनएमडीएची इजा आलेखावर सारखीच दिसतात. काहीही न टोचलेला डोळा त्याच पपेनमधून, त्याच वेळात नेला असेल तरच दोन्ही वेगळ्या सांगता येतात. सन१-जीएफपीच्या मार्गात ही पायरीच टळते. गोठवलेलं दृष्टिपटल थेट थंड बफरमध्ये कुस्करून केंद्रकं काढायची. जमेल तिथे हाच मार्ग घ्या.

डीएपीआयखाली दोन मिनिटं

सॉर्ट झालेले थोडे नमुने ठेवून त्यांच्या केंद्रकांवर डीएपीआय लावा आणि साठच्या भिंगाखाली बघा. उंदरासारख्या निशाचर प्राण्यांत दंडपेशीचं केंद्रक उलटं असतं. बहुतेक पेशींत घट्ट क्रोमॅटिन कडेला चिकटलेलं असतं, पण दंडपेशीत ते मधोमध एकच तेजस्वी गोळा होऊन बसतं आणि उघडा भाग भोवती पातळ कड्यासारखा राहतो. २००९ मध्ये सोलोवेई आणि सहकाऱ्यांनी हे सविस्तर मांडलं. हा गोळा प्रकाश एकवटणाऱ्या सूक्ष्म भिंगासारखा वागतो असं त्यांनी दाखवलं. म्युलर पेशीचं केंद्रक मोठं, वेडंवाकडं, आत तीन-चार ठिपके विखुरलेले. ओळखायला दहा मिनिटं सराव पुरतो.

दोनशे केंद्रकं मोजा. त्यात मधोमध एकच ठिपका असलेली दहाहून जास्त निघाली तर पुढे जाऊ नका, गेट घट्ट करा किंवा दोनदा सॉर्ट करा. ही तपासणी फुकटातली आहे. ती न केल्याची किंमत लाखभर रुपयांच्या सीक्वेन्सिंगमध्ये चुकवावी लागते.

अॅटॅक-सीक

२०१७ मध्ये कोर्सेस आणि सहकाऱ्यांनी सुधारलेली ओम्नी-अॅटॅक पद्धत इथे सर्वांत सोयीची. दंडपेशींच्या आतल्या भागात मायटोकॉन्ड्रिया खच्चून भरलेले असतात. साध्या अॅटॅकमध्ये अर्धे रीड (वाचलेले डीएनए-तुकडे) त्यांच्यातच जाऊ शकतात. ओम्नीमधला डिटर्जंटचा संच त्यांना धुऊन काढतो.

एका नमुन्याला ५०,००० पेशी धरा. सॉर्टरने सांगितलेला आकडा जसाच्या तसा मानू नका. हिमोसायटोमीटरवर प्रत्यक्ष मोजा, आकडा नेहमी कमीच निघतो.

५०,००० पेशी ५०० जीवर, ४ अंशांवर पाच मिनिटं फिरवा. पेलेट दिसत नाही. ट्यूबचं बिजागर बाहेरच्या बाजूला ठेवून फिरवा म्हणजे पेलेट कुठे असेल ते डोळे मिटून कळतं. ५० मायक्रोलिटर थंड लायसिस बफर घाला: १० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.४, १० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ३ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, त्यात एनपी-४० ०.१ टक्के, ट्वीन-२० ०.१ टक्के, डिजिटोनिन ०.०१ टक्के. तीन वेळा पिपेट करून बर्फावर तीन मिनिटं. मग त्याच क्षारांचा, पण फक्त ०.१ टक्के ट्वीन असलेला १ मिलिलिटर बफर घालून ट्यूब तीनदा उलटी करा. ५०० जीवर दहा मिनिटं. वरचा द्रव दोन टप्प्यांत काढा: मोठ्या पिपेटने ९०० मायक्रोलिटर, उरलेले शंभर छोट्या पिपेटने. एकाच झटक्यात काढायला गेलात तर केंद्रकंही जातात.

सन१-जीएफपीची सॉर्ट केलेली केंद्रकं असतील तर लायसिस आधीच झालेला असतो. तीन मिनिटं परत दिलीत तर केंद्रकं फुटतात. त्यांना थेट धुवून ट्रान्सपोझेसमध्ये (उघडा डीएनए कापून टोकांना जोडपट्टी लावणाऱ्या एन्झाइममध्ये) घ्या.

ट्रान्सपोझिशन मिश्रण ५० मायक्रोलिटर: २५ दुप्पट टीडी बफर, २.५ ट्रान्सपोझेस, १६.५ पीबीएस, ०.५ एक टक्का डिजिटोनिन, ०.५ दहा टक्के ट्वीन-२०, ५ पाणी. ३७ अंशांवर, १,००० आरपीएमवर हलवत ३० मिनिटं. डिजिटोनिन पाण्यात नीट विरघळत नाही, साठा डीएमएसओत ठेवून दरवेळी नवीन पातळ करा. २०,००० केंद्रकंच हाती आली तर सगळं मिश्रण त्याच प्रमाणात घटवा. पेशी कमी आणि ट्रान्सपोझेस तेवढंच असेल, तर बंद भागही कापला जातो आणि शिखरं (आलेखावर रीड दाटतात त्या जागा) पार्श्वभूमीत मिसळून जातात.

डीएनए शुद्ध करून २१ मायक्रोलिटरमध्ये घ्या. पीसीआर आधी पाचच चक्रं: ७२ अंश ५ मिनिटं, ९८ अंश ३० सेकंद, मग ९८ वर १० सेकंद, ६३ वर ३० सेकंद, ७२ वर १ मिनिट. ७२ ची पहिली पायरी विसरली तर काहीच वाढत नाही, कारण ट्रान्सपोझेसने सोडलेली फट तिथेच भरते. हॉट-स्टार्ट एन्झाइम घेतलंत तर ही पायरी कोरडी जाते. पाच चक्रांनंतर ५ मायक्रोलिटर काढून क्यूपीसीआर लावा. कमाल चमकेच्या एक-तृतीयांशापर्यंत पोहोचायला जितकी चक्रं लागली तितकीच उरलेल्याला द्या. 'जरा जास्त दिली तर काय बिघडतं' म्हणून दिलेली तीन जादा चक्रं म्हणजे नुसत्या प्रतींच्या प्रती.

मण्यांनी दोन्ही बाजूंनी आकार निवडा: आधी ०.५ पट मण्यांनी लांब तुकडे काढून टाका, मग एकूण १.३ पट करून उरलेले पकडा. बायोॲनालायझरवर सुमारे २०० बेसच्या अंतराने पायऱ्या दिसायला हव्यात. एकच सपाट टेकडी दिसली तर केंद्रकं फुटलेली होती. ती लायब्ररी सीक्वेन्स करू नका, सुधारत नाही.

हिस्टोनच्या खुणा मोजायच्या असतील तर

ट्रायकोस्टॅटिन-ए दिल्यावर असिटिलेशन कुठे वाढलं हे बघायला एच३के२७ असिटिलेशनची खूण घेतात. कमी पेशींसाठी २०१७ ची कट-अँड-रन पद्धत (ॲन्टीबॉडीने खूण शोधून तिथलाच डीएनए कापणारी) बरी. केंद्रकं कॉन्कनॅव्हॅलिन-ए मण्यांवर बसवा. डिजिटोनिनचं प्रमाण आधी ट्रायपॅन ब्लूने ठरवा, ९५ टक्क्यांहून जास्त निळी व्हायला हवीत. ॲन्टीबॉडी रात्रभर ४ अंशांवर. मायक्रोकॉकल न्यूक्लिएज जोडल्यावर २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, आणि कापणी बर्फाच्या पाण्यात, ० अंशावर. ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवून भागत नाही, एन्झाइम सुटून इतरत्र कापत बसतं. सोबत कोणत्याही विशिष्ट खुणेला न चिकटणारी ॲन्टीबॉडी आणि एच३के२७ ट्रायमिथिलेशनचा नमुना ठेवा. दुसऱ्यातून पद्धत चालली की नाही ते कळतं.

इथे सर्वांत जास्त लोक फसतात. ट्रायकोस्टॅटिन-ए एकूण जीनोमभर असिटिलेशन वाढवतं. नेहमीप्रमाणे दोन्ही नमुने सारख्या रीडवर आणले की हा एकंदर उठाव पुसला जातो, आणि काही जागा उलट 'कमी झाल्या' असं दिसतं. उपाय एकच: प्रत्येक नमुन्यात मोजून तेवढाच परका डीएनए घाला, ई. कोलायचा किंवा फळमाशीच्या क्रोमॅटिनचा, आणि त्याच्या रीडवरून माप लावा. तो लायब्ररी करण्याआधीच घालायचा असतो, झाल्यावर नाही.

मिथिलेशनसाठी बायसल्फाइट सीक्वेन्सिंग करणार असाल तर एवढंच: ती पद्धत मिथाइल आणि हायड्रॉक्सिमिथाइल सायटोसिन वेगळे ओळखत नाही. चेतापेशींत दुसरं भरपूर असतं, म्हणून निष्कर्षाची भाषा तेवढी जपून ठेवा. २०२० मध्ये डेव्हिड सिंक्लेअर यांच्या गटाने ओसीटी४, सॉक्स२ आणि केएलएफ४ ही तीन जनुकं एएव्ही-२ या विषाणू-वाहकातून उंदराच्या गँग्लिऑन पेशींत (मेंदूकडे दृष्टितंतू पाठवणाऱ्या) घालून इजा झालेल्या दृष्टितंतूंची वाढ दाखवली. टीईटी१ आणि टीईटी२ ही मिथाइल गट उतरवणारी एन्झाइमं नसतील तर परिणाम होत नाही असं त्यात दिसलं. मिथिलेशन मोजायचंच असेल तर अशी कारणाची चाचणी सोबत असावी.

सीक्वेन्सिंगनंतर

जोडी-रीड घ्या. एन्कोड या जीनोम-प्रकल्पाच्या निकषांनुसार प्रती आणि मायटोकॉन्ड्रिया वगळून ५ कोटी रीड, म्हणजे अडीच कोटी जोड्या, एका नमुन्याला हव्यात. प्रत्येक गटात किमान तीन स्वतंत्र पुनरावृत्त्या, शक्य तर चार. रीड जीनोमवर बसवणाऱ्या बोटाय-२ मध्ये कमाल तुकडा २,००० बेस ठेवा, मूळ मर्यादा ५०० आहे आणि तिने मोठे तुकडे गळतात. ट्रान्सपोझेसची नोंद धन पट्टीवर चार बेस पुढे आणि ऋण पट्टीवर पाच बेस मागे सरकवा. एन्कोडची काळी यादी (नेहमी खोटी शिखरं देणाऱ्या जागांची) लावा.

दर्जाचे दोन आकडे आधी बघा. जनुकारंभाजवळची दाटी उंदराच्या एमएम१० जीनोमसाठी १५ च्या वर असेल तर उत्तम, १० ते १५ चालेल, १० च्या खाली नमुना संशयास्पद. शिखरांत पडणाऱ्या रीडचं प्रमाण ०.३ च्या वर हवं, ०.२ च्या खाली नको.

मग जीनोम ब्राउझर उघडून ग्लुल, आरएलबीपी१ आणि एसएलसी१ए३ बघा. हे म्युलर पेशीचे ओळखपत्र आहेत, उघडे असायलाच हवेत. त्यानंतर ऱ्होडॉप्सिनचा प्रोमोटर बघा. तिथे टोकदार शिखर असेल तर दंडपेशी शिरल्या आहेत. आणि एक बारकावा: उंदराच्या दंडपेशींचं क्रोमॅटिन इतर पेशींच्या मानाने विलक्षण बंद असतं हे २०१७ मध्ये दिसून आलं आहे, त्यामुळे शिरकाव जरा जास्त असूनही शिखरं कमी दिसू शकतात. म्हणूनच आधीची डीएपीआयची मोजणी महत्त्वाची.

मोटिफ (प्रथिनं जिथे बसतात ते छोटे डीएनए-क्रम) शोधताना १०० बेसपेक्षा लहान तुकडेच घ्या. सीएजीसीटीजी हा एएससीएल१ चा ई-बॉक्स वाढलेला दिसला तर चांगली खूण. टीजीएसीटीसीए म्हणजे एपी-१, आणि तो दिसला की आधी पपेनकडे संशयाने बघा. स्टॅट कुटुंबाचे मोटिफ दिसले तर प्रयोगाचं अपयश म्हणून टाकून देऊ नका. २०२० मध्ये रे यांच्याच गटाने दाखवलं, की इजेनंतर चालू होणारं स्टॅट एएससीएल१ ला नको त्या जागी नेऊन बसवतं आणि त्याला अडवलं तर नव्या चेतापेशी वाढतात. एनएफआय कुटुंबाचे मोटिफ मात्र कमी व्हायला हवेत. २०२० मध्येच झेब्राफिश, कोंबडी आणि उंदीर यांची एकेका पेशीची तुलना झाली, तेव्हा ही प्रथिनं म्युलर पेशीला शांत ठेवतात आणि उंदरात ती काढली की पेशी विभाजन व चेतापेशी बनण्याकडे वळतात असं दिसलं.

नवी पेशी खरंच नवी आहे का

क्रोमॅटिन उघडलं म्हणजे चेतापेशी झाली असं होत नाही. आणि जीएफपी असलेली चेतापेशी दिसली म्हणजे ती म्युलर पेशीपासूनच झाली असंही नाही. २०१६ मध्ये अनेक गटांनी एकाच वेळी दाखवलं, की प्रत्यारोपित प्रकाशग्राही पेशींतून जीएफपीसारखे रेणू जुन्या पेशींत जातात आणि बघणाऱ्याला नव्या पेशी रुजल्यासारखं वाटतं. २०२० मध्ये पीटीबीपी१ हे प्रथिन कमी केल्याने म्युलर पेशींच्या गँग्लिऑन पेशी होतात असा दावा गाजला. २०२२ मध्ये वंशावळीच्या काटेकोर खुणेने तपासल्यावर तसं काही सापडलं नाही. विषाणूतला जीएफएपी प्रोमोटर चेतापेशीतही गळतो, हे त्यामागचं एक सरळ कारण आहे.

म्हणून खूण इजेच्या आधी, टॅमॉक्सिफेनने, जीनोममध्येच लावलेली असावी. विभाजन बघायला ईडीयू (नव्या डीएनएत शिरणारी खूण) द्या. छेदात म्युलरची खूण सॉक्स९ गेलेली आणि चेतापेशींची खूण ओटीएक्स२ किंवा एचयूसी/डी आलेली अशा मधल्या अवस्थेच्या पेशी शोधा. त्या सापडत नसतील आणि थेट पूर्ण तयार चेतापेशीच दिसत असतील, तर गळतीचा संशय घ्या.

उंदीर परवडत नसतील तर

झेब्राफिशवर यातलं बरंच काम कमी खर्चात होतं. ३० गेजच्या सुईने डोळ्याच्या मागून दृष्टिपटलाला टोचा. विभाजन चौथ्या दिवशी कमाल असतं, तेव्हा नमुना घ्या. आधीच्या शांत अवस्थेसाठी न टोचलेला मासा वेगळा ठेवा. आयसर मोहालीत राजेश रामचंद्रन यांच्या गटाने या पुनरुत्पत्तीत असिटाइल काढणाऱ्या एन्झाइमांची भूमिका तपासली आहे, आणि लिन२८ व लेट-७ या नियंत्रक रेणूंची साखळी त्यांनी २०१० मध्ये मिशिगनमध्ये असताना सहकाऱ्यांसोबत मांडली होती. उंदीर आणि मासा यांची सरळ तुलना करताना सावध राहा. डीएनए मिथिलेशनवरून दोघांतला फरक सहज समजावता येत नाही. २०१३ मध्ये दिसलं, की बहुशक्तिक जनुकांचे प्रोमोटर माशाच्या शांत म्युलर पेशीत आधीच कमी मिथिलेटेड असतात, आणि उंदराच्या म्युलर पेशीतही तसेच असतात.

माणसाच्या डोळ्यांवर काम करताना

नेत्रपेढीतून मिळालेल्या डोळ्यात मृत्यूनंतर नमुना गोठवेपर्यंत किती तास गेले हा पहिला प्रश्न. प्रत्येक डोळ्याचा तो आकडा, वय, लिंग, धूम्रपान आणि मधुमेह सारणीत असू द्या. मॅक्युला (मधला तीक्ष्ण दृष्टीचा भाग) आणि कडेचा भाग वेगळे पंच करा, दोन्हींची पेशी-रचना वेगळी असते. २०१८ मध्ये वयोमानाच्या मॅक्युला ऱ्हासात क्रोमॅटिनची उघडीक सर्वदूर घटते असं अॅटॅक-सीकने दाखवलं गेलं, आणि रंजक थरात हा बदल लवकर दिसतो असं मांडलं गेलं. याच प्रकारचं काम करणार असाल, तर पेशींचं प्रमाण मोजणारा एकपेशीय नमुना सोबत ठेवा. रंजक थर सोलताना चिकटून आलेल्या दंडपेशींची टोकं हीच तिथली नेहमीची भेसळ.

मधुमेही दृष्टिपटलाबाबत 'चयापचयी स्मृती' हा शब्द ऐकू येतो. साखर कडक ठेवण्याचा परिणाम तपासणारी डीसीसीटी ही मधुमेहावरची चाचणी १९९३ मध्ये संपली, तिच्या पुढच्या ईडीआयसी पाहणीत दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी पूर्वी साखर कडक ठेवलेल्यांचं दृष्टिपटल वर्षानुवर्षं बरं राहिलं. हिस्टोन आणि मिथिलेशनच्या खुणा हे त्याचं एक स्पष्टीकरण आहे. त्यावर प्रयोग आखताना साखर नियंत्रणाची वर्षं आणि कालक्रम नोंदवलेले नसतील, तर नमुने कितीही असले तरी स्मृती कसली ते ओळखता येणार नाही.